भिंतीवरचं चांदणं

डोंगरकडा, १२ मार्च १९७३, सोमवार

विहाराची भिंत आज वाळली. हात फिरवून पाहिला, गाल लावून पाहिला. थंडगार आणि गुळगुळीत. गवंड्यानं काम झकास केलंय, पण त्याच्या तोंडावर बोललो नाही, नाहीतर तो डोक्यावर बसला असता. उद्या रंगाला सुरुवात.

आजपर्यंत या हातानं दुकानांच्या पाट्या केल्या, बैलगाड्यांवर मालकांची नावं टाकली, जवळा बाजारच्या आडतीवर बैलजोडी काढली, कळमनुरीच्या हॉटेलात नटीचं चित्र काढलं. त्या नटीचे डोळे बघायला माणसं दुसरा चहा मागवायची. पण अशी भिंत कधी मिळाली नव्हती. ओळीनं पाच चित्रं: भगवान बुद्धांचा जन्म, गृहत्याग, तपश्चर्या, ज्ञानप्राप्ती, महापरिनिर्वाण. आणि खाली कोपऱ्यात माझं नाव, जळबा पेंटर. हिंगोलीचा उत्तमसिंग पेंटर या कामासाठी चकरा मारून गेला होता. पण विहार समितीचे अध्यक्ष किशनराव म्हणाले, "आपल्या गावात आपला पेंटर असताना भाईरचा काहून?" किशनराव तसे कडक, पण हे त्यांचं बोलणं मला फार आवडलं.

वैशाख पौर्णिमेला, सतरा मे रोजी, भिंत पुरी पाहिजे. आसपासच्या गावांतून माणसं येणार आहेत. किशनरावांचं आणखी एक सांगणं आहे. बुद्धांच्या आयुष्यातलं मोठं ते सगळं पौर्णिमेला घडलं, तेव्हा चित्राचित्रात पौर्णिमेचा चंद्र पाहिजे. उत्तमसिंग असता तर डब्याचं झाकण ठेवून पाच गोल मारून मोकळा झाला असता. मी चंद्र बघून चंद्र काढणार.

काम ठरलं ते धम्मचक्र दिनाला. तेव्हाच सगळ्यांसमोर उभं राहून मी नेम घेतला होता, की भिंत पुरी होईपर्यंत मटण, मासळी, अंडं वर्ज्य. किशनरावांनी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. तेव्हापासून अगदी कडक पाळलाय. यंदाच्या दुष्काळात गावात हिरवी काडी नाही, म्हैस विकली तेव्हापासून दूध नाही. दोन्ही वेळ रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि मिरचीचा ठेचा. चतुरा कुरकुर करते. पेंटरच्या बायकोनं एवढं सोसायलाच पाहिजे.

१८ मार्च, रविवार, पौर्णिमा

मोठा शोध लागला!

संध्याकाळी अंगणात बाज टाकून बसलो. चंद्र वर आला. पांढराशुभ्र, काठ स्वच्छ. पण त्याच्या भोवती काय? काळं. निव्वळ काळं. समोरचा लिंब नाही, शेजारच्या खतीजाबीचं घर नाही, माझे स्वतःचे पायसुद्धा नाहीत. शाळेत गुरुजी चांदण्या रात्रीवर निबंध लिहायला लावायचे, आणि आम्ही सगळे दुधासारखं चांदणं सांडलं म्हणून लिहायचो. कुठं सांडलं आणि कुणी पाहिलं! सगळी ऐकीव बोलणी. चंद्र आहे, चांदणं नाही. मला वाटतं, हवेत इतका फुफाटा भरलाय की उजेड खाली पोचतच नसेल. काही असो, डोळ्याला दिसतं तेच काढणार. अशी काळीभोर पौर्णिमा आजवर कुणी काढली नसेल.

उठताना बाजेला अडखळलो आणि गुडघा फुटला. बाज मीच टाकली होती, पण मधे कुणीतरी सरकवली असणार. चतुरानं हाताला धरून घरात नेलं. हल्ली दिवस मावळला की ती माझ्या जवळ जवळच घुटमळत असते. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन लेकरं झाली, तरी तिला माझा हात धरावासा वाटतो, याचं बरं वाटलं.

तिनं दारापासून न्हाणीपर्यंत दोरी बांधलीय. कपडे वाळत घालायची दोरी कुणी कमरेइतकी खाली बांधतं का? विचारलं तर म्हणाली, "असू द्या, मला बरी पडते."

२४ मार्च

जन्म आणि गृहत्याग, दोन्ही चित्रांमागची जमीन काळी करून घेतली. चिमणीची काजळी, सरस आणि जरा गेरू. तीनदा हात मारला. त्यावर चुन्याचा चंद्र ठेवला तर असा ठसठशीत उठून दिसतो की बघत राहावं. गवंडी डोकावला आणि म्हणाला, "पेंटर, भट्टी लावली का काय?" गवंड्यांना काय कळतंय.

४ एप्रिल, बुधवार

खतीजाबीच्या घरी आज बारावफातच्या, म्हणजे पैगंबर जयंतीच्या महिन्याच्या चंद्राची गडबड. दिवस मावळताच सगळे पश्चिमेला तोंड करून उभे. खतीजाबीचा मुलगा नासेर मटणाचं दुकान लवकर बंद करून आला. मीही गेलो, कारण चंद्राचं आपल्याला काम आहे.

पोरांना आधी दिसला. मग खतीजाबीला. "वो देखो जळबाभाई, बाभळ के ऊपर. दिखा नै क्या?" मला बराच वेळ सापडेना. सापडला तेव्हा चांगला खाली आला होता. नखाएवढी कोर, चित्रात काढतात तशी उभी नव्हे, आडवी. हे बरं झालं पाहिलं ते. मी नाहीतर उभीच काढली असती.

चतुरा मधेच म्हणाली, "आत पुरा चंद्र बी हाय की. फिक्कट. चुलीतल्या राखेसारखा."

"कोर असताना पुरा चंद्र कसा दिसंल?" मी म्हणालो.

"दिसून राहिला, म्हून सांगते. गोल हाय सगळा. खालच्या काठाला तेवढी कोर पेटली."

खतीजाबी म्हणाली, "बराबर है. हर महिने दिखता." दोघी एक झाल्या म्हणजे माझं काय चालणार! मी डोळे फाडून पाहिलं. कोरेच्या आत आभाळच होतं. बायकांना जे नाही ते दिसतं.

पण घरी येताना डोक्यात एक गोष्ट आली. आमच्या घरात चंद्राकडं बघायचं कारण एक पौर्णिमाच. आई पूर्वी संकष्टीला उपाशीपोटी चंद्राची वाट बघत बसायची. दीक्षा घेतल्यावर तिनं ते सोडलं, आणि कोर काय, अर्धा काय, कमी-जास्त होणारा चंद्र आमच्या घरातून गेलाच. आपल्याला फक्त पुरा माहीत. म्हणून तर पाच ठिकाणी एकच चंद्र काढायची पाळी आली! तपश्चर्येत सिद्धार्थाचं अंग झिजत गेलं. मग वरचा चंद्रही झिजत जाऊ दे. अर्धा होईल, कोर होईल, अगदी दिसेनासा होईल. सुजातेनं खीर दिली तिथं पुन्हा कोर उगवेल. ज्ञानप्राप्तीला पुरा. मग ती पौर्णिमा कमावलेली दिसेल. किशनराव रागावतील. रागावू देत. मला हे इतकं पटलंय की आज जेवणावरही लक्ष नव्हतं.

११ एप्रिल

तपश्चर्येच्या चित्राला बरगड्या पाहिजेत म्हणून चतुरासोबत दुष्काळी कामावर गेलो. ती तिथं खडी फोडते. मॉडेल शोधायची गरज पडली नाही. ओळीनं पाठी, आणि प्रत्येक पाठीवर मणके मोजून घ्यावेत असे. मी कागद काढला आणि परत खिशात घातला. घरी आलो, आरसा घेतला आणि स्वतःच्याच बरगड्या पाहून काढल्या. तेवढ्या पुरल्या.

१५ एप्रिल, रविवार

काल जयंती. मिरवणूक जोरात निघाली. गॅसबत्त्यांच्या उजेडात होतो तोवर मी पुढं नाचत होतो. मग पाणी प्यायला बाजूला गेलो आणि नव्या नालीत कमरेइतका पडलो. वर आलो तर समोर काहीतरी मऊ लागलं. ते किशनराव होते. त्यांचा फेटा पडला. कुणीतरी मागून म्हणालं, "पेंटरनं आज जास्तच घेतली." पाच-सहा जण हसले.

मी! ज्यानं जन्मात दारूला हात लावला नाही तो मी! अंधारात नाली खणून ठेवणाऱ्याला कुणी विचारत नाही. रागानं रात्रभर डोळा लागला नाही.

१७ एप्रिल, मंगळवार, पौर्णिमा

आज समितीला मी पुरतं गप्प केलं.

संध्याकाळी सगळे कंदील घेऊन भिंत पाहायला आले. सोबत उत्तमसिंग. तो का आला, हे मी विचारलं नाही. किशनराव बराच वेळ पहिल्या दोन चित्रांसमोर उभे राहिले.

"जळबा, चंद्र हाय. मंग चांदणं कुठं हाय?"

"नसतंच."

"काय नसतं?"

"चांदणं. ऐकीव गोष्ट हाय ती. मी बघून काढलंय."

उत्तमसिंग हसला. किशनरावांनी कंदील खाली ठेवायला लावला आणि आम्ही सगळे बाहेर आलो. चंद्र विहाराच्या वर आला होता. "हे बघ," किशनराव म्हणाले, "ह्यो लिंब. ही त्याची सावली. पान न् पान दिसून राहिलं. तुला दिसत न्हाई?"

मी म्हणालो, "कोणता लिंब? काळं हाय सगळं. तुमाला लहानपनी शिकवलं म्हून तुमी दिसतं म्हनता. खरं सांगा, दिसतं का?"

कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी अंदाजानं एकेकाकडं वळून विचारलं, "बोला की, अमृतराव? दिसतं का?" समितीचे अमृतराव नुसते खाकरले. उत्तमसिंगचं हसू तर कुठल्या कुठं गेलं. खरं बोललं की असं होतं.

तरी किशनरावांनी जाता जाता खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "दारू सोड, जळबा. विहाराचं काम हाय. आयतवारपर्यंत बघतो, न्हाईतर उत्तमसिंग पुरं करंल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उलट उत्तमसिंगनंच मला हाताला धरून घरापर्यंत आणून सोडलं. माझं काम त्याला पटलं असावं. दारात चतुराशी मात्र बराच वेळ काहीतरी कुजबुजत होता.

१८ एप्रिल

चतुरा म्हणते, मला रात्रीचं दिसत नाही.

मी आधी ओरडलो. मग ती अंगणात जाऊन उभी राहिली. चंद्र वर आला होता. "दोन पावलांवर हाय मी. माझ्या हातात काय हाय, सांगा." मला तिचा हातच दिसेना. आवाज येत होता तिथं नुसतं काळं होतं.

"कवापसून माहीत हाय तुला?"

"थंडीपसून. तुमी चुलीपुढं बसून पानी मागत व्हते, तांब्या समोरच व्हता."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"बोलले असते त तुमी ऐकलं असतं व्हय? आन् गावात कळलं असतं, तर भिंत गेली असती."

दोरी कशाला बांधली होती ते आता समजलं. ती हात का धरते तेही समजलं. हे दुसरं समजलं नसतं तर बरं झालं असतं.

मी खूप घाबरलो आहे. इथं लिहायला हरकत नाही. आज रात्रीचं गेलं, उद्या दिवसाचं जाईल. मग मी काय करू? डोळ्यांशिवाय करता येईल असा दुसरा कोणता धंदा मला येत नाही. आणि ती काळी पौर्णिमा! सगळ्यांना चांदणं दिसत होतं, आणि मी त्यांना शिकवत होतो. ते गप्प का झाले, हे आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

२० एप्रिल

कळमनुरीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, रातांधळेपणा आहे, खाण्यातून येतो, खाण्यानं जातो. दिवसाचे डोळे चांगले आहेत. गोळ्या संपल्यात. पालेभाजी, दूध, अंडी खा, सगळ्यांत चांगली बकऱ्याची कलेजी. मी म्हणालो, माझा नेम आहे. ते म्हणाले, मग रात्री बाहेर पडू नका, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

खतीजाबीनं तेच सांगितलं. "इत्ते दिन बोले कायकू नै? नासेर रोज कलेजी देता. चार-छे रोज में आंख साफ." तिनं ताटली भरून पाठवलीसुद्धा. चतुरानं कांद्यावर परतली. घरभर वास. मी हात लावला नाही. लेकरांनी खाल्ली. नेम सगळ्या गावासमोर घेतलाय. डोळ्यांसाठी मोडला, तर त्याला नेम कोण म्हणेल? भिंत झाली की खाईन.

चतुरानं भांडी फार जोरात घासली.

२२ एप्रिल, रविवार

आज नेम मोडला.

सकाळपासून तपश्चर्येच्या चित्रात, शेवटच्या भागातल्या सुजातेवर होतो. तपश्चर्येत सिद्धार्थ मरायला टेकला आहे, सुजाता खिरीचं पात्र पुढं करते आहे, आणि कडेला त्याचे पाच साथीदार तोंड फिरवून निघाले आहेत. त्यांची तोंडं जमेनात. रागही पाहिजे, तुच्छताही पाहिजे. आरसा धरून वेडीवाकडी तोंडं करून पाहत होतो, तेवढ्यात चतुरा खडीवरून जेवण घेऊन आली. पदरावर पांढरी धूळ. भिंतीखाली बसली आणि वर बघत म्हणाली, "हे पाच जण काहून चालले?"

"त्यानं उपास सोडला म्हून. भ्रष्ट झाला म्हनून सोडून चालले."

"मंग त्येनं काय केलं?"

"खीर खाल्ली. अंगात ताकद आली. पिंपळाखाली जाऊन बसला आन् ज्ञान झालं."

"म्हंजी हे पाच जण चुकले."

"चुकलेच की. पुढं परत आले त्याच्याकडं."

तिनं डबा उघडला. कलेजी होती. "मंग खावा," ती म्हणाली.

मी तिच्यावर खेकसलो. नेम मोडायला लावतेस, गावात तोंड दाखवू देत नाहीस, वाट्टेल ते बोललो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "नेम तुमचा. पन दिवस बुडला की तुमाला धरून मला चालावं लागते. दिवसभर खडी फोडून हात उचलत न्हाई, तरी तुमी पडशाल म्हून जागी राहते. तुमी त्येच्यासारखे व्हायला गेले, आन् त्येनं जे केलं तेवढंच करत न्हाई." बोलता बोलता ती माझ्याकडं बघून थांबली. "हां. हेच तोंड. आता करून राहिले तसंच काढा त्या पाच जणांना."

आरसा हातातच होता. पाहिलं. तिनं सांगितलं ते खरं होतं. इतकं अचूक तोंड मला सकाळपासून मिळालं नव्हतं. आधी हसू आलं, मग फार लाज वाटली. आधी ते तोंड कोळशानं भिंतीवर उतरवून घेतलं, कारण असं पुन्हा मिळतं न मिळतं. मग खाली बसलो आणि खाल्लं. मीठ जरा जास्त होतं. बोललो नाही.

तसाच उठून किशनरावांच्या घरी गेलो. ओसरीवर चार माणसं होती, तीही ऐकू देत म्हणालो. "नेम सगळ्यांसमोर घेतला व्हता. मोडला, हे बी सगळ्यांसमोर सांगतो. दारू मी कधी घेतली न्हाई. मला रातचं दिसत न्हाई, म्हून चांदणं न्हाई काढलं. डोळे बरे झाले की काढीन. काम माझ्याकडून काढून घेऊ नका."

किशनराव खाली बघत होते. म्हणाले, "उत्तमसिंग त्या रातीच सांगून गेला. ह्येला दारू न्हाई, आजार हाय, म्हनाला. आन् ह्येचं काम मी हातात घेनार न्हाई, असं बी म्हनाला." मग त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

२७ एप्रिल

रोज कलेजी खातोय. आज दिवे लागल्यानंतर अंगणातली दोरी दिसली. नीट दिसली. चतुराला बोललो नाही. आणखी एक-दोन दिवस बघतो.

२८ एप्रिल

बोललो. ती चुलीपुढंच रडायला लागली. लेकरं घाबरली.

४ मे, शुक्रवार

कोर पाहिली. आणि कोरेच्या आत पुरा चंद्र! राखेचा रंग, अगदी फिक्कट, पण गोल, सगळा. खालच्या काठाला तेवढी कोर पेटलेली. म्हणजे चंद्र झिजून जात नाही. अंधारातही तो पुराच असतो, आपल्याला काठ तेवढा दिसतो. हे मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं. चतुरानं महिन्यापूर्वी सांगितलं आणि मी तिला वेड्यात काढलं.

दोघींना हाक मारली आणि म्हणालो, "दिसला. तुमी खरं बोलत व्हत्या." खतीजाबी म्हणाली, "हम तो कब से बोल रै." तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

उद्या सुजातेच्या डोक्यावर हाच चंद्र. चुलीतलीच राख चाळून घेतली आहे, चुन्यात आणि निळीत मिसळून पाहणार.

१० मे

पहिल्या दोन चित्रांची काळी जमीन खरवडून काढली. काळी राहिली ती तपश्चर्येची, तिथं ती शोभते.

चार दिवस संध्याकाळी लिंबाखाली बसतोय. चांदणं काढणं अवघड आहे, कारण ते पांढरं नाही. पांढरा मारला की भिंत पिठानं माखल्यासारखी दिसते. खरं तर सावल्या काढायच्या. सावलीत नीळ आणि पानांचे तुकडे तुकडे, मधली जागा जराशी पिवळट करड्या मातीची. सावली बरोबर पडली की उजेड आपोआप येतो. हे सापडलं तेव्हा विहारात एकटाच मोठ्यानं हसलो.

उत्तमसिंग हिंगोलीहून आला. चांगली नीळ घेऊन आला होता. भिंत बघून म्हणाला, सावलीचा काठ जरा मऊ कर. मी म्हणालो, मला माहीत आहे. तो गेल्यावर केला मऊ. बरा दिसतो.

१६ मे

भिंत पुरी झाली. शेवटच्या चित्रात पहाटेचा मावळता चंद्र, शालवृक्षांच्या मागं, मोठा आणि तांबूस. किशनरावांनी पाचही चित्रं बघितली. तपश्चर्येत सिद्धार्थाच्या डोक्यावर चंद्र नाही, हे बघून कपाळाला आठी घातली. मग सुजातेवरची राखेची कोर बघितली, मग ज्ञानप्राप्तीची पौर्णिमा. परत मागं गेले, परत पुढं आले. "असू दे," म्हणाले. कोपऱ्यात नाव टाकलं. चांगलं मोठं टाकलं.

१७ मे, गुरुवार, वैशाख पौर्णिमा

दिवसभर गर्दी. वंदना झाली, भाषणं झाली, माझा सत्कार झाला, हार घातला. पाठ थोपटून हात दुखेपर्यंत लोक आले. मी नम्रपणानं मान खाली घालत होतो आणि कोण काय बोलतंय ते सगळं ऐकत होतो. आज मी खूश आहे, लपवत नाही.

उन्हं कलल्यावर गर्दी विरळ झाली. गृहत्यागाच्या चित्रासमोर तीन बायका उभ्या होत्या. औंढ्याकडच्या, खडीच्या कामावरच्या. हातांवरून ओळखल्या. त्यांतली थोरली, रुक्माबाई, बोट लावू की नको असं करत म्हणाली, "हे काय पडलंय झाडाखाली?"

"चांदणं हाय, मावशी."

ती बघत राहिली. "असंच असते. अक्षी असंच." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आमच्याकडं आता पडत न्हाई."

"काय पडत न्हाई?"

"चांदणं. चंद्र निघते, पन चांदणं पडत न्हाई. दोन वरसं झाले. पानी आटलं, तसं ते बी आटलं म्हनतात." मागच्या दोघींनी मान हलवली. धाकटी म्हणाली, "माय, चल. दिवस हाय तवर गाव गाठू."

त्यांनी गाठोडी उचलली. मी दारात आडवा उभा राहिलो आणि त्यांना निघू दिलं नाही. म्हणालो, आजची रात इथंच आमच्या घरी राहा, मावशी, सकाळी जा. चतुराला हाक मारली आणि गळ्यात हार तसाच घेऊन नासेरच्या दुकानाकडं पळालो. तो फळी लावून घेत होता. म्हणालो, "थांब, कलेजी हाय का?"